केर जपून ठेवा, सहल जवळ आली

डिसेंबर-जानेवारीत तंजावरच्या मोठ्या देवळासमोर उभे राहिलात तर शाळांच्या बसगाड्या मोजता मोजता दमाल. सेलम, करूर, तिरुनेलवेली, विरुदुनगर, कुठून कुठून पोरं येतात. दोन-दोनच्या ओळीत उतरतात, एकमेकांचा धरायला लावलेला हात लगेच सोडतात, राजराज चोळाने १०१० साली पुरं केलेल्या देवळाच्या २१६ फुटी शिखराकडे एकदा मान टाकून बघतात, आणि मग ज्यासाठी आलेली असतात त्या कामाला लागतात, म्हणजे डबा उघडतात. अख्ख्या तमिळनाडूची सहल आमच्या गावात येते. आमच्या घरातल्या दोन पोरांची सहल मात्र दर साली पैसे भरून दुसऱ्याच्या गावाला जाते. अर्थशास्त्र मी शिकले नाही, पण आयात-निर्यातीतला तोटा कशाला म्हणतात ते या एका गोष्टीवरून मला पक्कं कळलंय.

आम्ही मूळचे सांगली जिल्ह्यातले, खानापूर तालुक्याच्या कोरड्या भागातले. विटा-आटपाडीकडची माहिती असणाऱ्यांनी पुढचं ओळखलंच असेल : आमचा धंदा गलाईचा. आमच्याकडे पाऊस पडेना, म्हणून आधीच्या पिढ्यांतले लोक मूस आणि चिमटा घेऊन देशभर पांगले. जुने दागिने, तुटकी जोडवी, सोनाराकडचा कीस, सगळं वितळवायचं, तेजाबात घालायचं, शुद्ध सोनं-चांदी वेगळी काढून द्यायची आणि ग्रॅमवारी मजुरी घ्यायची. देशातल्या कुठल्याही बऱ्यापैकी सराफ बाजारात जा. जिन्याखालून किंवा मागच्या बोळातून डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल, तर तिथे आमच्याकडचा माणूस बसलेला सापडण्याची शक्यता फार. तंजावरच्या एका बोळात बसलेला तो माणूस म्हणजे आमचे मालक. दुकानाचे मालक नव्हेत, दुकान भाड्याचं आहे. फक्त माझे.

सोन्याशी नाव जोडलं गेलं की लोकांचा एक समज होतो आणि तो काही केल्या जात नाही. २०२५ साली सोनं दहा ग्रॅमला लाखाच्या वर गेलं, तेव्हा गावाकडून आम्हाला अभिनंदनाचे फोन आले. "दाजी, आता काय, मजा हाय की तुमची!" कसली मजा? आमच्या भट्टीत असतं ते लोकांचं सोनं. भाव चढला म्हणून गाळण्याची मजुरी कुणी चढवून दिली नाही, उलट जो सोनार पूर्वी अंदाजाने मान डोलवायचा तो आता काट्यासमोर चष्मा लावून बसतो. बाजारात तर आम्हाला सगळे 'सेट्टु' म्हणतात. उत्तरेकडून आलेला आणि सोन्याच्या गल्लीत बसणारा माणूस म्हणजे सेट्टुच, म्हणजे पैसेवाला. भाजीवाली अक्का माझं तमिळ ऐकते, गळ्याकडे बघते आणि दोडक्याचा भाव पाच रुपयांनी चढवते. गळ्यातलं एक ग्रॅमच्या मुलाम्याचं आहे असं मी तिला कितीदा सांगितलं. तिची खात्री झाली आहे की सेट्टु लोक असंच बोलतात.

घर चालतं ते माझ्या वहीवर. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला खर्च. डावी पानं वर्षानुवर्षं कोरी करकरीत राहतात, उजवी हाताळून हाताळून तेलकट झालेली. त्या डाव्या बाजूला जे काही थोडंबहुत दिसतं त्यात मालकांच्या खालोखाल तमिळनाडू सरकारचा हात आहे, हे मान्य करायला मला लाज नाही. रेशनवर महिन्याला वीस किलोपर्यंत तांदूळ फुकट. तो उकडा असतो, सासूबाईंचं त्याच्याशी कधीच जमलं नाही, पण इडलीच्या पिठात गेला की त्यांनाही ओळखू येत नाही. पोंगलला रेशन दुकानातून तांदूळ, साखर आणि एक अख्खा ऊस. सांगली जिल्ह्यातल्या सुनेने एका उसासाठी रांगेत उभं राहायचं! पहिल्या वर्षी मी पदर डोक्यावर ओढून उभी होते, साखर कारखान्यातलं कुणी ओळखीचं बघेल की काय, या धास्तीने.

२०२१ पासून साध्या टाऊन बसमध्ये बायकांना तिकीट नाही. म्हणजे कंडक्टर तिकीट देतो, पण शून्य रुपयांचं. सरकारची ही योजना बायकांच्या सोयीसाठी आहे असं म्हणतात. आमच्या घरात तिचा खरा लाभार्थी मालक आहेत. उळवर संदैला, म्हणजे शेतकरी बाजाराला, कोण जाणार? मी, कारण मला तिकीट पडत नाही. विजेचं बिल कोण भरणार? मी. स्टेशनवर पाहुण्यांना आणायला? मीच. पुरुषाने बाहेर पडलं की दहा रुपये गेले, असा साधा हिशेब मांडून ते भट्टीपुढे निवांत बसलेले असतात.

मागे जाऊबाई गावाहून आल्या होत्या तेव्हा आम्हा दोघींत दोन राज्यांची तुलना झाली. त्यांना लाडक्या बहिणीचे दीड हजार, मला इथे कुटुंबप्रमुख बाई म्हणून हजार. पाचशेने त्या पुढे. त्यांना एसटीत अर्धं तिकीट, मला टाऊन बस फुकट. तिथे मी पुढे. "पण आमची एसटी लांब जाती," त्या म्हणाल्या. "ताई, तुम्ही लांब जाता कुठं?" "जात न्हाय, पण जाता येतं की!" या मुद्द्यावर मला उत्तर सुचलं नाही. कुटुंबप्रमुख म्हणून सरकारदरबारी माझं नाव लागलंय, हे मात्र मी त्यांना दोनदा ऐकवलं. सासूबाई शेजारीच शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी एक शेंग जरा जोरात फोडली.

तर अशा या वहीवर दिवाळीचे फटाके विझतात न विझतात तोच शाळेची चिठ्ठी येऊन पडते. आठवीची सहल : बंगळूर-म्हैसूर, तीन दिवस, पाच हजार आठशे. पाचवीची सहल : एक दिवस, वॉटर पार्क, साडेअकराशे. खाली पालकांच्या सहीची जागा आणि त्याच्याही खाली बारीक अक्षरात, 'सहलीस येणे ऐच्छिक आहे.' शाळेतल्या सक्तीच्या गोष्टींतून सुटका असते. गणवेश जुना चालवून घेता येतो, वह्यांना कॅलेंडरची कव्हरं घालता येतात. ऐच्छिक गोष्टीतून सुटका नाही, कारण "आई, एल्लारुम जातायत!" आमच्या मुलांचं मराठी असं वाक्याच्या मधोमध कावेरी ओलांडतं. एल्लारुम म्हणजे सगळे. सगळ्यांत किती जण येतात हे मी एकदा खोलात जाऊन विचारलं, तर थोरल्याच्या बाकावरचे दोन निघाले.

मी काही प्रतिगामी आई नाही. घराजवळची स्वस्त यादी तयार ठेवलेली असते. कल्लणै धरण आहे, करिकाल चोळाने बांधलेलं, अजून पाणी वळवतंय. तरंगंबाडीला समुद्रात पाय घालून उभा असलेला डच नव्हे, डॅनिश लोकांचा १६२० सालचा किल्ला आहे. इथल्या मराठा राजांच्या राजवाड्यात तर देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे. भोसल्यांच्या वाड्यात देवमासा, सांगा बघू कुठल्या मुलाला असं आजोळ मिळतं?

"ते सगळं बाहेरच्यांसाठी असतं," थोरला म्हणाला.

"बरं, म्हैसूरला काय आहे?"

"पॅलेस."

"पॅलेस इथं आहे की! तोही आपल्या माणसांचा!"

"त्याला लाईट नाहीत."

आता म्हैसूरच्या राजवाड्यावर जवळपास लाखभर दिवे लागतात हे खरं आहे, आणि आमच्या राजवाड्याच्या काही भिंतींचा रंग उडालाय हेही खरं आहे. पोराने मुद्द्याचं बोलल्यावर आईकडे एकच उपाय उरतो. "बाबांना विचार." बाबांना विचारलं की ते भट्टीकडे बघतात. भट्टी काही बोलत नाही.

इथे मला आमच्या घरातल्या एका गुप्त निधीबद्दल सांगायला हवं. सोन्याच्या कामात केर हा केर नसतो. कानस फिरते, कण उडतात, हाताला चिकटतात, कपड्यांवर बसतात, फरशीच्या सांध्यात जातात. म्हणून गलाईच्या दुकानातला केर बाहेर टाकायचा नाही. तो डब्यात साठवायचा, हात धुतलेलं पाणीसुद्धा बादलीत धरायचं. मालक घरी आले की सासूबाई त्यांना उंबऱ्यावर थांबवून त्यांचा सदरा ताटात झटकतात. शेजारच्या मामींना बरेच दिवस वाटायचं की हा आमच्याकडचा दृष्ट काढायचा प्रकार आहे. वर्षातून एकदा तो साठलेला केर जाळायचा, चाळायचा, पाण्यात झारायचा आणि तळाला राहील ते मुशीत घालायचं. त्यातून निघेल तो एवढासा मणी हे आमच्या हातातून जाणाऱ्या सगळ्या सोन्यातलं एकमेव आमचं सोनं. बाजारभाव चढल्याचा आनंद आम्हाला कधी होत असेल तर त्या एका दिवशी. वहीत तो 'केर' याच नावाने जमा होतो आणि 'सहल' या नावाने खर्ची पडतो.

म्हैसूरच्या सहलीच्या वर्षी दिवाळीच्या आधी मालकांचा भाचा काम शिकायला गावाहून आला. कष्टाळू पोरगा. मामा सोनाराकडे गेलेले बघून त्याने दुकान धुऊन काढलं, जाळ्या काढल्या, तेजाबाच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावल्या, आणि कोपऱ्यातला तो घाणेरडा डबा एका गोणीत उपडा करून गोणी कचऱ्याच्या गाडीत देऊन टाकली. मामा आल्यावर शाबासकीच्या अपेक्षेने उभा राहिला. मालकांनी कोपऱ्याकडे बघितलं. नंतर भाच्याने मला सांगितलं, "मामी, मामा ओरडलं न्हाईत. नुसतं खाली बसलं. मंग उठलं आणि पळालं."

आमचे मालक पळताना मी लग्नानंतर प्रथमच पाहिले. लुंगी दुमडून, एका पायात चप्पल, मागे भाचा आणि त्याच्या मागे मी. कुप्पै वंडि, म्हणजे ती कचऱ्याची गाडी, दोन गल्ल्या पुढे गेली होती. आता खरी पंचाईत पुढेच होती. 'गोणीत सोनं आहे' असं सोन्याच्या गल्लीत मोठ्याने म्हणायची सोय नव्हती. तसं म्हटलं असतं तर गाडीतल्या शेवटच्या केळीच्या पानापर्यंत सगळा कचरा लोकांनी घरी नेला असता. मालकांनी गाडी अडवली, धापा टाकत ड्रायव्हर अण्णांना हात जोडले आणि सांगितलं की आईच्या औषधाची चिठ्ठी चुकून कचऱ्यात गेली आहे. अण्णा भला माणूस. त्याला गहिवरून आलं. तो स्वतः खाली उतरला, गोण्या काढायला लागला, "आईचं औषध आहे, बघा, बघा" म्हणत त्याने चहाच्या टपरीवरची चार माणसंही कामाला लावली. कुणी जुनी बिलं आणून दाखवतंय, कुणी लग्नपत्रिका. एका म्हाताऱ्याला खरोखरची डॉक्टरची चिठ्ठी सापडली, मधुमेहाची. ती मालकांनी कपाळाला लावून खिशात घातली, आणि मग हळूच म्हणाले, "हीच. पण ती गोणी पण देता का? गोणी नवी होती."

अण्णाने गोणी दिली. आतला कचरा रिकामा करून देतो म्हणाला. मालक म्हणाले, नको, नको, तुम्हाला कशाला त्रास. शंभराची नोट पुढे केली, ती त्याने घेतली नाही. आईच्या औषधाचे पैसे कसे घेणार? मग त्याला चहा पाजला, टपरीवरच्या चौघांनाही पाजला, तो खर्च वहीत 'औषध' म्हणून पडला आहे. सासूबाईंची प्रकृती कशी आहे, अशी चौकशी तो अण्णा अजून करतो. सासूबाई दारात उभ्या असतील तर त्या आम्ही सांगेपर्यंत खोकतात.

त्या गोणीतून सव्वा ग्रॅमच्या आसपास निघालं. थोरला म्हैसूरला जाऊन आला. फोटोत मागे लाखभर दिवे आणि पुढे त्याचा अंगठा.

धाकटीच्या एका सहलीबद्दल मात्र मला अजून शाळेशी बोलायचं आहे. चौथीत असताना त्यांना स्थानिक सहल होती. कुठे? मोठ्या देवळात! आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं. देवळाला तिकीट नाही. तरी वर्गणी तीनशे रुपये : बस, जेवण, आणि एक छापील टोपी. मी मिसना म्हटलं, मी तिला चालत आणून सोडते, टोपीचे पैसे भरते. मिस म्हणाल्या, "शिस्त बिघडते." त्यामुळे त्या दिवशी पोरगी सकाळी व्हॅनने उलट दिशेला शाळेत गेली, तिथून बसमध्ये बसून आमच्याच गल्लीच्या तोंडावरून परत आली, आणि खिडकीतून मला असा हात केला की जणू बोटीने विलायतेला चालली आहे. मीही केला. तीनशे रुपये भरले होते.

देवळाच्या आवारात नैर्ऋत्येच्या बाजूला भिंतीवर तंजावरच्या सरफोजीराजांनी १८०३ साली कोरून घेतलेला भोसल्यांचा इतिहास आहे, अख्खा मराठीत. ओळीमागून ओळी, भिंतीमागून भिंत. तमिळ पोरं समोरून निघून जातात, त्यांना ती नक्षी वाटते. आमच्या धाकटीला मी घरी बाराखडी शिकवली होती, तिने बोट लावून चार शब्द वाचले. सगळा वर्ग जमा झाला. मिसनी विचारलं, काय लिहिलंय? ती म्हणाली, "राजांच्या सगळ्या नातेवाइकांची नावं." मिस म्हणाल्या, एवढे नातेवाईक? धाकटी म्हणाली, "आमच्याकडे पण एवढेच येतात."

सरफोजीराजांची माझी खरी ओळख करून दिली ती राजवाड्यामागे राहणाऱ्या एका आजोबांनी. ते तंजावरी मराठी. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या काळातच इथे येऊन राहिलेले, आणि निवृत्तीपर्यंत ते कुठल्याशा कचेरीत हिशेब बघायचे. महिन्यातून एखाद्या संध्याकाळी ते मराठी ऐकायला आमच्याकडे येतात आणि ऐकून झाल्यावर सांगतात की महाराष्ट्रात जाऊन मराठी फार बिघडली. सासूबाईंनी केलेलं पिठलं खातात, त्यांच्याकडची डांगर पच्चडी आणून देतात, आणि माझी वही दिसली की चष्मा पुसून हातात घेतात. एकदा उजव्या पानावर बोट ठेवून ते म्हणाले की तुझी स्थिती आमच्या सरफोजीसारखी आहे.

मला आधी बरं वाटलं.

मग त्यांनी उलगडून सांगितलं. सरफोजी १७९८ साली गादीवर बसले. पुढच्याच वर्षी कंपनी सरकारने तह करून राज्यकारभार काढून घेतला आणि राजांना पगार बांधून दिला : वर्षाला एक लाख होन, म्हणजे साडेतीन लाखांच्या आसपास रुपये, आणि वर मुलखाच्या वसुलाचा पाचवा हिस्सा. हुकूम चालायचा तो किल्ल्याच्या आत. थोडक्यात, बांधीव उत्पन्नात घर चालवायचं, आणि घर म्हणजे भोसल्यांचं! एवढ्यात त्यांनी काय करावं? सरस्वती महालात पोथ्या आणि विलायती पुस्तकं भरली. देवनागरी छापखाना काढला. नव्या विद्या शिकवायला पाठशाळा काढली. नेपोलियन हरल्याच्या आनंदात समुद्रकाठी मनोरा नावाचा आठ मजली बुरूज बांधला, म्हणजे ज्यांनी राज्य घेतलं त्यांच्या जयासाठी आपल्या खिशातून आतषबाजी. या एका खर्चावर आजोबा आणि माझं एकमत आहे : टाळता आला असता.

"आणि सहल," आजोबा म्हणाले. १८२० ते १८२२, काशीयात्रा. बरोबर सुमारे तीन हजार माणसं. मी वही मिटलीच. तीन हजार माणसांच्या परवानगीच्या चिठ्ठ्या कुणी गोळा केल्या असतील? किती जणांचं पोट वाटेत बिघडलं असेल? खिशात किती पैसे द्यायचे हे ठरलं असेल का, आणि ठरल्यापेक्षा जास्त घेऊन आलेली ती दोन घरं तेव्हाही असतीलच ना? राजवाड्यातल्या मोडी कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे अजून आहेत आणि त्यांत हिशेबाचे कागद मुबलक आहेत, असं आजोबा सांगतात. बखरी, स्तुतिकाव्यं इतरांनी वाचावीत. मला मोडी येत असती तर मी सगळ्यात आधी काशीहून परत आल्यावरच्या महिन्याचं पान काढलं असतं. त्या महिन्यात राजवाड्यात भाजी कुठली झाली, एवढंच बघायचं होतं.

याच सरफोजींच्या दरबारची देणगी इथून जवळच तिरुवय्यारला राहणाऱ्या संत-संगीतकार त्यागराजांनी नाकारली, ही गोष्ट इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. रामापुढे धन काय, असं म्हणून त्यांनी गाणं रचलं आणि ते अजून गातात. त्यांचा थोरला भाऊ त्यावर इतका चिडला की त्याने देवघरातल्या मूर्ती कावेरीत टाकल्या, असं सांगतात. मी एवढंच म्हटलं की त्या भावाच्या घरात शाळेत जाणारी मुलं किती होती हे कुणी बघितलंय का. आजोबा ताडकन उठले, पिठलं अर्धं टाकून गेले, आणि पुढचा महिनाभर आले नाहीत.

सहलींच्या खर्चाची दुसरी बाजू म्हणजे पाहुणे. सांगली-साताऱ्याकडून रामेश्वरला निघालेली प्रत्येक जीप तंजावरवरून जाते. न जाणारी वळवून आणली जाते, कारण 'आपलं माणूस आहे तिथं.' आपल्या माणसाच्या दोन खोल्या आहेत. फोन येतो तोही त्रिचीला पोचल्यावर. "काय करू नका हं, नुसतं पिठलं-भाकरी." नुसती भाकरी! भाताच्या या मुलखात ज्वारीला चोळम म्हणतात, किराणावाल्याकडे ती मिळते, पण ती दळायला गेलं की गिरणीवाला आधीचं तांदळाचं पीठ पुरतं निघू देत नाही, आणि भाकरी तव्यावर भूगोल बदलते. म्हणून गावाहून येणाऱ्या प्रत्येकाने पीठ आणायचं, असा मी नियम केला. लोक पीठ आणतात. पाच किलो पीठ आणि नऊ माणसं.

मालकांना पाहुण्यांपुढे बोलता येत नाही. निदान तंजावरच्या परंपरेप्रमाणे रात्रीतून निघून तरी जावं. १६७७ साली शिवाजीमहाराज दक्षिणेत आले, धाकटे बंधू व्यंकोजीराजे त्यांच्या मुक्कामी भेटीला गेले, आठवडाभर जेवणंखाणं झालं, आणि वडिलांच्या दौलतीतल्या वाटणीचा विषय निघाल्यावर व्यंकोजीराजे एका रात्री गुपचूप कोळ्ळिडम नदी ओलांडून तंजावरला परत आले. भावकीचा हिशेब आणि पाहुणचार एका पंगतीत बसत नाहीत, हे त्यांना कळलं होतं. पुढच्या राजांनी त्यावर जास्त शहाणपणाचा तोडगा काढला : रामेश्वरच्या वाटेवर छत्रं बांधली. यात्रेकरूने यावं, जेवावं, आजारी असेल तर औषध घ्यावं आणि पुढे जावं. ओरत्तनाडूला सरफोजींनी आपल्या प्रिय मुक्तांबाळच्या आठवणीसाठी १८०२ साली बांधलेलं छत्र त्यातलंच. राजवाड्यात कुणी येऊन 'काय करू नका, नुसतं पिठलं' म्हणायला नको. कारभार गेला तरी ही छत्रं आपल्याकडे राहावीत म्हणून सरफोजीराजे कंपनीशी झगडले. हे वाचलं तेव्हापासून माझा त्या माणसावर जीव आहे. मनोऱ्याचं मी त्यांना माफ केलं.

मागच्या आठवड्यात गावाकडच्या हायस्कूलच्या सरांचा फोन आला. मालकांचे वर्गमित्र. यंदा शाळेने मोठी सहल काढली आहे, 'दक्षिण दिग्विजय' : वेल्लोर, जिंजी, तंजावर. नववी-दहावीची पोरं, शिक्षक, आचारी नाही. एक वेळचं जेवण तुमच्याकडे झालं तर दरमाणशी वर्गणी पन्नास रुपयांनी कमी ठेवता येईल, गरिबांची पोरं आहेत हो, असं ते म्हणाले. मालक "या की, या की" म्हणून मोकळे झाले आणि फोन माझ्या हातात देऊन भट्टीकडे बघायला लागले.

मी वही उघडली. रेशनचा उकडा तांदूळ दोन महिन्यांचा साठलेला आहे, त्याचा पुळियोदरै होईल. चिंचेचा भात दिवसभर टिकतो आणि त्याला ताक, चटणी काही लागत नाही. शेजारच्या मामींचं मोठं पातेलं मागायचं. केळीची पानं उळवर संदैतून, मी बसने जाणार म्हणजे ने-आण फुकट. मनाशी आकडा मांडला, तो पोरांच्या सहलीच्या खात्यातून निघणार हे दिसत होतंच. म्हटलं, असू दे. सांगलीच्या दुष्काळी गावातली पोरं एवढ्या लांब भोसल्यांचा राजवाडा बघायला येतायत. सरांना सगळा कार्यक्रम आखून सांगितला : सकाळी देऊळ, भिंतीवरचा मराठी लेख, तो वाचून दाखवायला धाकटी येईल, मग सरस्वती महाल, देवमासा, आजोबांना सांगून मोडी कागदांची माहिती, आणि दोन वाजता आमच्या गच्चीवर जेवण.

सर "वा, वा" म्हणत होते. मग जरा घुटमळले.

"वहिनी, एक विचारायचं होतं. पोरांनी धोशा लावलाय. तिकडं जवळपास एखादा वॉटर पार्क हाय का?"

थोरल्याने माझ्या हातातून फोन घेतला आणि त्यांना रस्ता सांगायला सुरुवात केली.